वाढत्या अंगाचं

होस्टेलच्या मॅगझीनमध्ये तान्ह्या बाळाच्या वस्तूंवर लेख? विषय सांगितला तेव्हा मराठी विभागाच्या संपादक मंडळाने आधी माझ्याकडे आणि मग एकमेकांकडे पाहिलं. विंगमधल्या मित्रांनी तर "काय रे, काही गडबड?" असंही विचारून घेतलं. नाही बाबांनो, गडबड काही नाही. मी मामा झालोय, एवढंच!

पण नुसता मामा झालो म्हणून कुणी मॅगझीनची पानं अडवत नाही. मुद्दा वेगळा आहे. चार वर्षं आपण इथे डिझाइन, फटीग, लाईफ सायकल वगैरे घोकतो आणि ओरल्सला ओकतो. आता हा प्रॉब्लेम बघा. वापरणाऱ्याचं वजन पहिल्या वर्षात साधारण तिप्पट होणार, लांबी ५० सेंटिमीटरवरून ७५ च्या आसपास जाणार. तो वस्तू चावणार, आपटणार, भिजवणार. वस्तू वापरात राहणार सहा महिने, फार तर वर्षभर. ती सुरक्षित हवी, स्वस्त हवी, आणि फेकून दिल्यावर पुढची शंभर वर्षं कुठल्यातरी कचरा डेपोवर पडून राहायला नको. सांगा, इतका अवघड प्रश्न कुठल्या पेपरला आलाय? शिवाय आपल्या स्टाफ क्वार्टर्समध्ये संध्याकाळी चक्कर मारली तर हा प्रश्न किती घरांत रांगतोय ते दिसेलच.

माझी ताई एका खाजगी शाळेत कॉन्ट्रॅक्टवर शिकवते. बाळंतपणाची रजा सुरू झाली तसा तिचा पगार थांबला. आणि बरोबर त्याच महिन्यात भाऊजींच्या ऑफिसातल्या कुणीतरी मोठ्या प्रेमाने 'बाळाच्या तयारीची यादी' पाठवली. क्रिब, क्रिबवर फिरणारं झुंबर, बाबागाडी, कार सीट (भाऊजींकडे स्कूटर आहे!), हाय चेअर, वॉकर, स्टरलायझर, आंघोळीचा टब, टबात बसायची खुर्ची, डायपर टाकायची खास बादली... आणि प्रत्येक वस्तूपुढे 'इको-फ्रेंडली' पर्याय, जो साध्या वस्तूपेक्षा हमखास महाग. मी एक्सेलमध्ये बेरीज केली. ताईच्या चार महिन्यांच्या पगाराच्या वर गेली. म्हणजे पृथ्वी वाचवायची तर आधी कर्ज काढा!

मला हे गणितच उलटं वाटतं. लहान बाळाच्या बाबतीत काटकसर आणि पर्यावरण यांची दिशा बहुतेक वेळा एकच असते. खोक्यावर हिरवं पान छापलंय म्हणून वस्तू हिरवी होत नाही. जी वस्तू बाळाबरोबर वाढते आणि मग दुसऱ्या, तिसऱ्या बाळाकडे जाते ती स्वस्तही पडते आणि कचराही कमी करते. फक्त हा हिशोब मांडताना एक कॉलम आपण नेहमी रिकामा सोडतो: राबणारे हात कोणाचे? त्याबद्दल पुढे बोलूच.

आधी त्या हिरव्या पानाचा समाचार घेऊ. 'बांबूचे कपडे' हे प्रकरण यादीत तीन ठिकाणी होतं. बांबू झटपट वाढतो हे खरंच. पण बांबूपासून मऊ कापड बहुतेक वेळा होतं ते व्हिस्कोसच्या पद्धतीने, म्हणजे लगदा रसायनांत विरघळवून पुन्हा धागा काढायचा. त्यात कार्बन डायसल्फाईड वापरतात, जे कारखान्यातल्या कामगारांसाठी विषारी असतं. अमेरिकेत २००९ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने रेयॉनला 'बांबू' म्हणून विकणाऱ्या कंपन्यांवर कारवाई केली होती. आपल्याकडेही ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नियमावली काढली की पुरावा दिल्याशिवाय 'इको-फ्रेंडली', 'ग्रीन' असे दावे करायचे नाहीत. तेव्हा दुकानदाराला "पुरावा काय?" असं बिनधास्त विचारा. आपल्याला व्हायव्हात रोज विचारतात, त्यालाही कळू दे!

आता शीर्षकाकडे येतो. लहानपणी युनिफॉर्म शिवायला गेलं की आई टेलरकाकांना सांगायची, "वाढत्या अंगाचा शिवा हो." मग जूनमध्ये मी शेतातल्या बुजगावण्यासारखा दिसायचो, आणि मार्चपर्यंत पँट घोट्याच्या वर! वर्गातली मुलं हसायची. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये टाय-बूट सगळं कडक, त्यात माझी पँट अशी. पण त्या तीन शब्दांत आख्खं डिझाइन ब्रीफ होतं. आजी सांगते की तिच्या लहानपणी परकराला खाली आतल्या बाजूने भरपूर दुमड ठेवत. मुलगी उंच झाली की टीप उसवायची, दुमड सोडायची, परकर चार बोटं खाली. त्या मुलीचं झालं की धाकटीला, धाकटीचं झालं की त्याचीच उशीची खोळ.

हीच कल्पना लंडनमध्ये शिकलेल्या एका एरोनॉटिकल इंजिनिअरने २०१७ साली नव्याने मांडली आणि जेम्स डायसन पुरस्काराची ब्रिटनची फेरी जिंकली. त्याचं नाव रायन यासिन. त्याने डेन्मार्कला भाच्यासाठी कपडे पाठवले, ते पोहोचेपर्यंत भाचा त्यांच्यापेक्षा मोठा झालेला! (सगळ्या मामांची हीच गत.) मग त्याने अवकाशात घडी उलगडणाऱ्या उपग्रहांच्या पॅनेलवरून कल्पना घेतली आणि बारीक चुण्यांचं असं कापड केलं की एकच पोशाख मूल साधारण तीन वर्षांचं होईपर्यंत बसावा. सेकंड इयरवाल्यांनो, इथे लक्ष द्या. रबर बँड ताणला की लांब होतो आणि बारीक होतो, म्हणजे पॉयसन्स रेशो पॉझिटिव्ह. या चुण्या एका दिशेने ताणल्या की दुसऱ्या दिशेनेही फुलतात, म्हणजे निगेटिव्ह! स्ट्रेंथच्या तासाला "याचा उपयोग काय सर?" असं विचारणाऱ्या मागच्या बाकासाठी हे उत्तर.

खुर्चीचंही तसंच. नॉर्वेच्या पीटर ऑप्सविकचा मुलगा हाय चेअरमध्ये मावेना आणि मोठ्या खुर्चीवर बसला तर पाय लोंबकळत राहत. म्हणून त्याने १९७२ मध्ये 'ट्रिप ट्रॅप' नावाची लाकडी खुर्ची केली. दोन तिरके उभे खांब, त्यांना आतून खाचा, आणि त्या खाचांत बसण्याची फळी आणि पाय ठेवायची फळी हवी तेवढी वर-खाली सरकवायची. मूल वाढलं की फळ्या खाली. मोठा माणूसही त्यावर बसू शकतो. ना स्प्रिंग, ना बिजागरी, ना मोटर. पन्नास वर्षांनंतरही ती खुर्ची विकली जाते.

या दोन्ही वस्तू आपल्याला परवडणाऱ्या नाहीत, हे माहीत आहे. पण खाचेला कुणी रॉयल्टी मागत नाही, आणि गल्लीतला सुतार डोकं असलेला असतो. शिकायचं ते एवढंच की बाळाबरोबर वाढायला वस्तू गुंतागुंतीची लागत नाही. उलट आजकाल 'फोर-इन-वन', 'सेव्हन-इन-वन' म्हणून जे मिळतं, त्याला माझा सक्त विरोध आहे. सात कामं एकत्र म्हणजे सतरा सांधे, आणि प्रत्येक सांध्यावर प्लॅस्टिकची एक क्लिप जी सुटी कुठेच मिळत नाही. एक क्लिप तुटली की सातही कामं बंद. घेताना उलटं करून खालची बाजू बघा. साधे स्क्रू दिसले, हार्डवेअरच्या दुकानात मिळतील असे, तर घ्या. सगळं चिकटवून बंद केलेलं असेल तर ती वस्तू दुसऱ्या बाळापर्यंत पोहोचणार नाही, पैज!

खरं म्हणजे बाळाबरोबर वाढणारी सगळ्यात हुशार वस्तू म्हणजे दुपटं. आजीच्या जुन्या सुती साडीचा दुहेरी चौकोन. पहिला महिना बाळाला गुंडाळायला, मग मांडीवर घ्यायला, मग पांघरायला, मग भातुकलीचा तंबू, आणि शेवटी आमच्याकडे स्कूटर पुसायला. कितीही वेळा धुवा, जास्तच मऊ होतं. 'बाळंतविडा' हा शब्द मला वीस वर्षांचा होईपर्यंत माहीत नव्हता, कॉन्व्हेंटचा परिणाम! झबलं, टोपडं, दुपटं, कुंची असं सगळं आत्या-मावश्यांनी शिवून आणायचं. कुंची म्हणजे काय ते आजीने डोक्यावर रुमाल बांधून दाखवलं.

इथे ताईच्या सासूबाई जरा नाराज झाल्या. "आमच्या नातवाला काय उतरलेले कपडे घालायचे?" त्यांच्या बोलण्यात वावगं काही नव्हतं. ज्यांनी स्वतः भावंडांचे उतरलेले कपडे घालून दिवस काढले, त्यांना नातवासाठी नवं घ्यावंसं वाटणारच. तो त्यांच्या कष्टाचा मान आहे. पण आजीने त्यांना त्यांच्याच माहेरची रीत आठवून दिली. आपल्याकडे तान्ह्या बाळाला आधी जुनेच कपडे घालायची पद्धत होती. दृष्ट लागू नये म्हणून म्हणा, किंवा नव्या कापडाची खळ आणि रंग त्या कातडीला टोचू नये म्हणून म्हणा. वीस वेळा धुतलेल्या सुती कापडात खळ उरत नाही, हे सांगायला केमिस्ट्रीची लॅब लागत नाही. पाळणासुद्धा फार कमी घरांत विकत आणत. ज्यांच्याकडे आधी बाळ झालं त्यांच्याकडून बारशाला मागून आणायचा, आणि काम झालं की धुऊन-पुसून पुढच्या घरी. अशा पाळण्यात झोपून गेलेल्या मुलांची नावं लोक कौतुकाने सांगत. तो कमीपणा नव्हता, ती ओळख होती. शेवटी तडजोड झाली: बारशाचं झबलं नवं, आणि ते सासूबाईंनी स्वतः निवडायचं. बाकीचे उतरलेले. सगळे खूश.

वाटी-चमच्याचं दोन ओळींत सांगतो. बाटली, तिची बुचं, तिचा ब्रश, तिचा स्टरलायझर, ही सगळी साखळी टाळता आली तर टाळा. आईचं दूध मिळत असेल तर सुरुवातीला यातलं काहीच लागत नाही. वरचं द्यायची वेळ आली तर बालरोगतज्ज्ञही वाटी-चमचाच सुचवतात, कारण तो उकळून स्वच्छ करणं सोपं. आमच्याकडची स्टीलची वाटी बाबांच्या बारशाची आहे, खाली त्यांचं नाव कोरलेलं. आता भाचा त्यातून मऊ भात खातो. पुढे तो त्याच वाटीतून लोणचं घेईल!

आता मुख्य विषय. नाक धरून वाचा.

डिस्पोजेबल डायपर म्हणजे लाकडाच्या लगद्याचा कापूस, प्लॅस्टिकचे पातळ थर आणि सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटचे कण, जे स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतात. केमिकलवाल्यांनी टाळ्या वाजवाव्यात असा शोध आहे, नाकारत नाही. पण खर्च बघा. दिवसाला ५ धरले आणि एकाला १० रुपये धरले तर महिन्याला १,५०० आणि दोन वर्षांत ३६,००० रुपये. म्हणजे एक बरा लॅपटॉप. याउलट जुन्या साड्यांचे आणि जुन्या मांजरपाटाचे तीसेक लंगोट आजीने दोन दुपारीत शिवले. खर्च दोऱ्याचा.

पण "कापड म्हणजे पर्यावरणाला चांगलं" असं डोळे मिटून म्हणू नका. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २००८ साली दोन्हींचं जन्मापासून कचऱ्यापर्यंतचं गणित प्रसिद्ध केलं. अडीच वर्षांत एका बाळाच्या डिस्पोजेबल डायपरमुळे सुमारे ५५० किलो कार्बन डायऑक्साईडएवढा परिणाम आणि कापडी लंगोटांमुळे सुमारे ५७० किलो. म्हणजे कापड किंचित वाईटच! असं कसं? कारण तिथे लंगोट गरम पाण्याच्या मशीनमध्ये धुतात आणि पुष्कळ जण विजेच्या ड्रायरमध्ये वाळवतात. त्याच अहवालात पुढे आहे: सगळे ड्रायरमध्ये वाळवले तर आकडा ४३ टक्क्यांनी वाढतो. दोरीवर वाळवले, मशीन पूर्ण भरून लावलं आणि तेच लंगोट दुसऱ्या बाळालाही वापरले तर ४० टक्क्यांनी कमी होतो. २०२३ मध्ये ब्रिटिश सरकारसाठी हाच अभ्यास नव्याने झाला, त्यात कापड सुमारे २५ टक्के सरस ठरलं. सांगलीत, जिथे लंगोट नळाच्या गार पाण्यात धुतले जातात आणि गच्चीवर दोन तासांत कडक वाळतात, तिथे वीज जवळपास शून्य. म्हणजे निकाल कापडाचा नव्हे, दोरीचा आहे! हे मला फार आवडलं. वस्तू हिरवी नसते, वापर हिरवा असतो.

आता तो रिकामा कॉलम. धुणार कोण?

पहिल्या महिन्यात दिवसाला पंधरा-वीस लंगोट होतात. आमच्या घरी ते आई धुवायची, आणि तिला मणक्याचा त्रास आहे. पर्यावरणावर भाषण देणारे सगळे (मी धरून) सोफ्यावर. मला वाटतं की 'जुन्या काळी सगळं कसं निसर्गाला धरून होतं' असं म्हणताना हे कुणी बोलत नाही की ते सगळं बायकांच्या मनगटांवर चाललं होतं. ज्या ताईला रात्री दोन तास सलग झोप मिळत नाही, तिला डिस्पोजेबल वापरते म्हणून नावं ठेवायचा अधिकार कुणालाच नाही. म्हणून सुट्टीत तीन आठवडे लंगोटांचं खातं मी घेतलं, आणि नंतर भाऊजींनी. पद्धत सांगतो, कधी ना कधी उपयोगी पडेल. आधी घाण संडासात झटकायची. मग गार पाण्यात भिजवायचं, गरम नाही, गरम पाण्याने डाग पक्का होतो. तासाभराने साबण लावून चोळायचं, तीन पाण्यांतून काढायचं आणि कडक उन्हात. कम्फर्ट-बिम्फर्ट अजिबात नको, त्याने कापडाची पाणी शोषायची ताकद कमी होते. एकूण पाऊण तास. मेसच्या रांगेत आपण रोज तेवढा घालवतोच.

पावसाळ्यात मात्र गच्ची रजेवर जाते. आजीच्या वेळी बांबूच्या टोपलीखाली शेगडी ठेवून वर लंगोट पसरत. आजच्या फ्लॅटमध्ये ते शक्य नाही आणि करूही नये, बंद खोलीत निखारे म्हणजे कार्बन मोनॉक्साईड. आमच्याकडे दिवसा कापड आणि रात्री एक डिस्पोजेबल असं ठरलं. दवाखान्यात किंवा एसटीने जाताना एखादा जास्तीचा. दिवसाला पाचाऐवजी एक. शंभर टक्के शुद्ध राहण्याच्या नादात आठ दिवसांत सोडून देण्यापेक्षा हे बरं.

आणि तो जो एक आहे, त्याचंही पुढे काय होतं ते बघा. कुणाच्या तरी हातून तो वेगळा केला जातो. पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था आहे. त्यांनी लोकांना केलेलं आवाहन इतकं साधं की लाज वाटावी: वापरलेले डायपर आणि सॅनिटरी नॅपकिन कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे आमच्या बायकांना ते उघडून बघावं लागणार नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांतही हे गुंडाळून वेगळं द्यायला सांगितलं होतं, आणि उत्पादकांनी त्यासाठी पिशवी किंवा वेष्टन पुरवावं असंही म्हटलं होतं. आपल्या होस्टेलच्या मागे जी बाई सकाळी साडेसहाला डबे रिकामे करते, तिचा हात त्या कॉलममध्ये मोडतो. लाल स्केचपेन प्रत्येकाच्या ड्रॉईंग बॉक्समध्ये आहे.

आता चालायला शिकण्याबद्दल, कारण इथे नवं-जुनं असा सरळ सामना आहे. वॉकर म्हणजे मध्ये बसायची झोळी, भोवती प्लॅस्टिकचं कडं, खाली चाकं. मूल त्यात लटकतं आणि पायाच्या बोटांनी ढकलत सुसाट सुटतं. जिना, ओटा, गरम चहा, सगळीकडे पोहोचतं. कॅनडाने एप्रिल २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर सरळ बंदी घातली. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही बंदी मागत आली आहे. आणि वर गंमत म्हणजे त्याने मूल लवकर चालत नाही, उलट उशीर होऊ शकतो.

आपला पांगुळगाडा बघा. तीन लाकडी चाकं आणि एक उभी चौकट. मूल त्यात बसत नाही, मागे स्वतःच्या पायांवर उभं राहतं आणि दांडा धरून ढकलतं. म्हणजे तोल त्याचा, वजन त्याच्या पायांवर. यादीतला वॉकर आम्ही खोडला आणि माळ्यावरून पांगुळगाडा काढला. बाबा, काका, ताई, मी, सगळे त्यावर चालायला शिकलो. एक आस झिजला होता, तो सुताराने दुपारच्या चहाच्या पैशात बदलून दिला. आमच्या गुळगुळीत टाईल्सवर तो फारच पळायला लागला, तर आजीने चाकाच्या आसाला चिंधी गुंडाळली. फ्रिक्शन ब्रेक! तिला कुठल्या विद्यापीठाने डिग्री दिली नाही, हे विद्यापीठाचं नुकसान. अर्थात लक्ष ठेवायला माणूस इथेही लागतोच, लाकडी आहे म्हणून जिन्यावरून कमी जोरात पडत नाही.

पण म्हणून जुनं ते सगळं सोनं समजू नका. मी इथे आजीशीसुद्धा भांडलो. माळ्यावर एक रंगवलेला पाळणाही होता, निळा, पोपडे निघालेला. भारतात घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आली ती २०१६ च्या नियमांनी, आणि लागू झाली २०१७ च्या नोव्हेंबरात. त्याआधीच्या रंगात किती शिसं असेल ते कुणी सांगावं! बाळ कठडा चावणार म्हणजे चावणारच. घासून काढायचा विचार करत असाल तर तेही नको, त्याची धूळ आणखी वाईट. तो पाळणा आम्ही वापरला नाही. आजी दोन दिवस बोलली नाही. तिची आईही त्याच्या दोरीला हात लावून गेलेली, मला कळतं. पण शिशाला भावना कळत नाहीत.

असंच कठड्याच्या गजांचं. दोन गजांमधलं अंतर ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर अंग निसटून डोकं अडकतं. एक बाजू खाली सरकणारे परदेशी क्रिब कुणी पाठवले तर घेऊ नका, अमेरिकेत २०११ पासून त्यांच्या विक्रीवरच बंदी आहे. खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा झाला. नोंदणी केलेल्या हस्तकला कारागिरांना त्यातून सूट आहे, त्यामुळे सावंतवाडीच्या चितारआळीतलं लाकडी खेळणं घेताना शिक्का शोधण्यापेक्षा रंग ओल्या फडक्याला लागतो का ते पाहा. आणि कार सीट ही एकच वस्तू अशी की ओळखीच्या माणसाखेरीज कुणाकडूनही जुनी घेऊ नये. एकदा अपघात झेललेल्या सीटच्या आत तडा गेला असेल तर बाहेरून दिसत नाही, आणि त्यावर छापलेली मुदतही संपलेली असू शकते. इथे काटकसर नको, इतर ठिकाणी वाचवलेले पैसे इथे घाला. स्कूटरवाल्यांसाठी: ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलाला मागे बसवताना पट्टा आणि हेल्मेट हवं, वेग ताशी ४० च्या आत, हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून आहे. भाऊजींनी यादीतली कार सीट खोडून हा पट्टा लिहिला.

बाबागाडीवर फार शाई घालवत नाही. आपल्या फुटपाथवर ती चालवून दाखवणाऱ्याला मी पार्टी देईन.

आता आपल्या आवारातलं. फर्स्ट इयरला कार्पेंट्री शॉपमध्ये प्रत्येक जण हाफ लॅप जॉइंट करतो. सर त्यावर सही करतात आणि मग ते तुकडे स्क्रॅपमध्ये जातात. दरवर्षी एका आख्ख्या बॅचचं लाकूड. तेच जॉइंट वापरून चार मुलांच्या गटाने एक पांगुळगाडा किंवा खाचांची खुर्ची केली तर जॉबचे मार्क्स तेवढेच मिळतील आणि वस्तू कुणाच्या तरी घरी चालायला लागेल. वर्कशॉपच्या सरांशी बोललो. ते म्हणाले, "ड्रॉईंग आण, मग बघू." ड्रॉईंग करतोय, थर्ड अँगलमध्ये. चाकाचा व्यास आणि दांड्याची उंची यावर अडलोय, कारण दहा महिन्यांचं मूल आणि दीड वर्षाचं मूल दोघांना एकच दांडा चालायला हवा. खाचा द्याव्या लागतील असं दिसतंय.

दुसरं म्हणजे क्वार्टर्समधल्या माळ्यांवर, पलंगाखाली बऱ्याच वस्तू पडून असणार. पाळणे, न रंगवलेले असतील तर उत्तम, बाथटब, दुपट्यांचे गठ्ठे, तीनचाकी सायकली. लेडीज होस्टेलच्या रेक्टर मॅडम जिन्याखालची मोकळी खोली द्यायला तयार आहेत, अट एकच की वस्तू धुऊन आणायची आणि कोणी कधी नेली त्याची वही ठेवायची. मेसमधल्या एका काकूंच्या सुनेला पुढच्या महिन्यात बाळ होणार आहे, तेव्हा पाळणा आधी लागेल. ज्यांच्याकडे असेल त्यांनी मॅगझीनच्या पेटीत क्वार्टर नंबर टाकावा. उचलून आणायला आमच्या विंगमधले चौघे येतील, फक्त सबमिशनच्या आठवड्यात बोलवू नका.